फटफटीच्या टाकीवरची चित्रं

गॅरेजात काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. हाताला ग्रीस लागतं तसे ते लागतात आणि निघता निघत नाहीत.

मी नगरला याकोब मिस्त्रींच्या हाताखाली फिटर होतो. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लष्कराच्या जुन्या फटफट्या लिलावात निघत होत्या. पेट्रोलच्या टाकीवर पलटणीचं काहीतरी चित्र चिकटवलेलं असे. घेणाऱ्याला ते नको असे. कढत पाण्याचं फडकं ठेवायचं, थोडं रॉकेल चोळायचं आणि दम धरून नखाने कड उचलायची, एवढंच काम. पण त्यात माणसं काय हादरलेली पाहिली!

*

कोपरगावचे गणपतराव म्हणजे उसाचे बागाईतदार. त्यांच्या टाकीवर काळं मांजर होतं. म्हणाले, "मंडळींची तक्रार आहे. सकाळी दार उघडलं की हे मेलं आडवं."

मिस्त्रींनी मांजर सोलून काढलं. खाली रंगवलेली गोरी बाई निघाली. अंगावर पोहायचा तोकडा कपडा. कुणा सोल्जराची करामत!

गणपतरावांनी डोक्यावरचा फेटा काढून टाकीवर टाकला. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, मांजर परत बसतं का बघा."

*

बेलापूरच्या एका मास्तरांना वाटलं, एवढ्यासाठी नगरला कशाला जायचं? त्यांनी चुलीत उलथनं लालभडक तापवलं आणि टाकीवरच्या वाघाच्या चित्राखाली घातलं. टाकीचं झाकण उघडं होतं.

बैलगाडीत फटफटी घालून आणली, तेव्हा मी मास्तरांना ओळखलंच नाही. भुवया नाहीत, मिशी नाही, कपाळभर मलम. भडका उडताच बायकोने ओली गोधडी टाकली, म्हणून वाचले.

मिस्त्री म्हणाले, "अहो, जीव गेला असता."

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "हा वाघ बघा. ह्याची एक मिशी जळलेली नाही."

*

घोडेगावचा सखाराम ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेला. बाजारात बैलजोडी विकून त्याने लिलावातली फटफटी घेतली होती. मिस्त्री त्याला बोलले, "शेतकरी माणूस तू. बैल विकून हे काय आणलंस?"

तो नुसतं म्हणाला, "चित्र तेवढं काढा. मला काढता येतं, पन माजा हात व्हत न्हाई."

मिस्त्रींनी फडकं ठेवलं. कड सुटायला लागली तसा सखाराम म्हणाला, "हळू. खाली भोक हाय. शिशानं बुजवलंय."

चित्र निघालं. खाली शिशाचा गोळा होता, बोराएवढा. गोळीचं भोक.

"तुला रे कसं ठाऊक?"

"तिकडं म्याच बुजवलं. म्याच चित्र चिकटवलं. सायेब म्हनला, नव्या गड्याला भोक दिसू नये, भ्याचा. लिलावात नंबर वाचला, तवा वळकली."

मिस्त्रींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आणि आधी कोण चालवायचं?"

"माजा थोरला भाऊ."

मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "सखाराम, घासून वर रंग मारून देतो. काही दिसणार नाही."

"नगं," तो म्हणाला. "ह्ये आयला दावायचंय."