मायला पाठवलेला कोट

इंग्लंडला निघायच्या दिवशी जाफराबादच्या स्टँडवर मायनं माझी बॅग पुन्हा उघडली. लोकांसमोर, बाकड्यावर. टॉवेल, स्वेटर, मोजे, अगदी आतले कपडेसुद्धा एकेक वर काढून टॅग लोंबतोय ना ते पाहिलं. मी लाजून अर्धी झाले. "माय, बस कर ना, लोक पाहून राह्यले." तर म्हणते, "पाहू दे की! सगळं कोरं हाय. चोरीचं हाय का?" जालन्याची एसटी लागली तशी तिनं चेन ओढली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एक वेळ उपाशी राह्य, पण कोणाचं उतरलेलं अंगावर घालू नको."

गावाकडच्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. पण माझ्यासारखे जे दूर गेले, ज्यांच्या पोरांना हा शब्दच माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. उतरलेलं म्हणजे दुसऱ्यानं वापरून आपल्याला दिलेलं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं की हे घ्यायचं नाही. पण घरात थंडी आणि भूक दोन्ही असली की ठरवलेलं सैल पडतं. माझी आजी पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जायची, तिला तिथून त्यांच्या लेकीचं, शकूचं, पिवळं पोलकं मिळालं. माय ते घालून शाळेत गेली. तिसरीत होती. शकू त्याच वर्गात. भर वर्गात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, हिनं माझं पोलकं घातलं." तिच्या मनात काही वाईट नसेलही, लेकरूच होतं ते. पण माय घरी आली, पोलकं काढलं आणि आठ दिवस शाळेत गेली नाही. पुढं आमच्या घरी जयंतीला प्रत्येकाला कोरं कापड. एकच जोड, पण दुकानातून आणलेला, घडीचा. त्यासाठी माय किती घरची कामं करायची ते मला फार उशिरा कळलं.

आणि मी? मी इंग्लंडात येऊन सहा महिन्यांत दुसऱ्यांच्या बुटात पाय घातला.

इथं प्रत्येक गावात चॅरिटी शॉप असतात. लोक आपलं वापरलेलं फुकट आणून देतात आणि विक्रीचा पैसा आजारी माणसांसाठी जातो. माझ्या हॉस्पिटलच्या रस्त्यावर अशी तीन दुकानं आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा कढई घेतली आणि आपल्या बाजारच्या सवयीनं म्हटलं, बराबर लावा, दोन पाउंड देते. काउंटरवरची म्हातारी गोड हसून म्हणाली, डिअर, हे पैसे कॅन्सरच्या पेशंटसाठी जातात. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी नर्स, आणि पेशंटच्या पैशात घासाघीस करून राह्यले!

पण नाद लागला तो लागलाच. खरं सांगू का, मला ते भारी आवडतं. शनिवारी ड्युटी सुटली की मी तिकडं. हँगरची रांग सरकवत जायचं, डोळे मिटून नुसत्या बोटांनी लोकर ओळखायची, अस्तर उलटून शिलाई पाहायची. कुठं बटण तुटलं म्हणून किंमत अर्धी केलेली असते, आणि बटण लावायला मला दोन मिनिटं लागतात. चामड्याचे बूट मिळाले, टाच जरासुद्धा झिजलेली नव्हती. निळ्या फुलांची चहाची किटली मिळाली. ती पिशवीत घालून घरी येताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते. नव्या दुकानात पैसे टाकले की वस्तू मिळते, इथं ती सापडते. मायला व्हिडिओ कॉलवर बूट दाखवले, कुठून घेतले ते तेवढं गाळलं.

मंग एका शनिवारी तो कोट दिसला. मरून रंगाचा, जाड लोकरीचा, आतून रेशमी अस्तर. माझ्या मापाचा नव्हता, बिलकुल मायच्या मापाचा होता. तिला थंडीत खोकला धरतो. असा कोट मी नवा घेतला असता तर त्या महिन्याचं भाडं अडकलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. मला तो सापडला होता, आणि सापडलेलं सोडवत नव्हतं.

कोट ड्राय क्लीन करून आणला. माय टॅग पाहणार हे मला ठाऊक होतं. माझ्या नव्या रेनकोटचा टॅग ड्रॉवरमध्ये पडला होता, तो मी कोटाच्या बटणाला दोऱ्यानं बांधला. सुईत दोरा ओवताना मनाला जरा टोचलं असतं तर आज थोडं बरं वाटलं असतं. मी तर गुणगुणत होते. जालन्याची एक मैत्रीण सुटीवर चालली होती, तिच्यासोबत पाठवून दिला.

मायनं टॅग काढलाच नाही. टॅगसकट कोट घालून रविवारी विहारात वंदनेला गेली, दवाखान्यात गेली, मयतीलासुद्धा गेली म्हणे. शकूबाई लग्न होऊन भोकरदनला गेल्ती, ती आता म्हातारपणी भावाकडं परत आली आहे. तिनं रस्त्यात मायला थांबवून कोटावर हात फिरवला आणि म्हणाली, मला बी मागव की असा एखादा. त्या दिवशी मायचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "शकू मागून राह्यली. माझ्याकडं मागून राह्यली, समजलं का तुला? जल्दी पाठव. पण कोरा पाठव बरं, तिला असंतसं द्यायचं न्हाई."

मी मोठ्या दुकानात गेले. शकूबाईसाठी नवा कोट घेतला, त्याचा टॅग त्यालाच होता. घरी आणून दाराच्या मागं टांगला आणि खाली बसले. पाटलाच्या लेकीला कोरा आणि माझ्या मायला उतरलेला. आजीला निदान पर्याय नव्हता. मला होता, आणि तरी मी हे केलं, वरून टॅग बांधून केलं. दोन रात्री मला धड झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, "शकूचा तरी कोरा हाय ना?"

"हो."

"मंग पाठव. म्या शब्द देल्ता तिला."

मी रडत म्हटलं, माय, तुलाही नवा पाठवते, तो कोट देऊन टाक कोणा गरजू बाईला. त्यावर मात्र ती कडाडली. "माझं उतरलेलं दुसरीच्या अंगावर घालू? म्या शकू हाय का?"

मंग हळूच म्हणाली, "तू बी तिथं तसलंच घालतीस?"

"हो माय. मला आवडतं."

"आवडंल की. तिथं तुला कोणी वळखत न्हाई."

खरंच आहे तिचं. ज्या बाईचे बूट मी घालते ती रोज रस्त्यानं माझ्या बाजूनं जात असेल. ती थांबून बोट दाखवणार नाही, आणि दाखवलं तरी मला काय त्याचं? माझी सगळी मजा त्यावरच उभी आहे. गावात एका पोलक्याला पन्नास वर्षांनंतरही मालकीण असते. मी गाव सोडलं म्हणून मला हे विसरता आलं, आणि माय तिथंच राहिली म्हणून तिला आलं नाही. मायनं कष्ट करून मला जिथं पोचवलं, तिथून मी तिला तेच उतरलेलं परत पाठवलं.

शकूबाईच्या कोटासोबत मी मायलाही नवा पाठवला, तो तिनं घेतला, पण अजून घडी मोडली नाही. काल फोनवर दिसली तेव्हा अंगावर जुनी शाल होती, तिची स्वतःची, आणि खोकत होती. "घाल ना माय कोट," म्हटलं. "घालीन," म्हणाली, "पह्यलं तू येऊन तुझ्या हातानं टॅग काढून दे." सुटीचा अर्ज मी आज सकाळी टाकला आहे. घर म्हणजे काय, ह्याचं माझ्याकडं सध्या एवढंच उत्तर आहे: जगात एक दार असं आहे, जिथं लाज वाटली तरी मला माझं तोंड घेऊन जायचं आहे.