मित्राचं दुखणं

बायका आपली दुखणी चारचौघीत बोलून मोकळ्या होतात. पुरुषांची मात्र डॉक्टरच्याच कानात साठत जातात, आणि इथे डॉक्टर पडली बाई! मग किस्से साठायला काय उशीर!

सत्तर सालच्या आसपास मी कलकत्त्याच्या एका हॉस्पिटलात पुरुषांच्या सर्जरीची ओपीडी बघायला लागले. आमचे मोठे सर्जन, म्हणजे सर, पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाईपुढे कोण लुंगी सोडणार? दुर्गापूजेपर्यंत बघू. पेशंट आले नाहीत, तर तुमची बदली बायकांच्या वॉर्डात!" मला हेच काम करायचं होतं. म्हटलं, बघूच!

* * *

सुरुवातीला जो तो मित्रासाठी यायचा. कलकत्त्याजवळच्या बजबज गावच्या ज्यूट मिलमधले रामधनी मित्राच्या हायड्रोसीलचं, म्हणजे अंडकोशात पाणी भरून आलेल्या सुजेचं, वर्णन करत होते, तेही उभ्यानेच. मी म्हटलं, "बैठिए ना."

"नहीं दिदी, बैठने में दोस्त को तकलीफ होती है!"

सुईने पाणी काढलं तर पुन्हा भरतं, ऑपरेशन केलं की बहुधा कायमचं सुटतं, हे मी 'मित्राला' नीट समजावलं. मित्राने ऑपरेशन करून घेतलं. मग त्याच मिलमधून आणखी मित्र यायला लागले.

* * *

सुजेत पाणी आहे की गाठ, हे बघायला अंधारात मागून टॉर्च लावतात. पाणी असलं तर सूज लालसर उजळते. एकदा टॉर्च लावायला आणि लोडशेडिंग व्हायला एकच गाठ पडली. पेशंट खाली वाकून बघतच राहिला. "दिदी, पूरे कलकत्ते की बत्ती गुल, और मेरी चालू!"

एकाची सूज मात्र उजळली नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं. गाठ वाईट होती, पण वेळेवर निघाली. तो पुढे दर पूजेला बायकोमुलांना घेऊन भेटायला यायचा. अभिमान वाटतो, का नाही वाटणार?

* * *

एक मराठी बँक ऑफिसर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून घरापासून लांब आमच्याकडे आले. फक्त इंग्रजीत बोलत होते. लघवीच्या जागेची पुढची कातडी सुजून आवळली होती. मी हात लावला मात्र, "आई गं!"

"फार दुखतंय का हो?" मी विचारलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं!

तपासणीत डायबेटिस निघाला. साखर आटोक्यात आणली, मलम दिलं, आणि कातडी काढायचं ऑपरेशन टळलं. पुढे मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला भेटले, तेव्हा माझ्याशी इंग्रजीतच बोलले.

* * *

पूजा जवळ आली तसा सरांनी माझ्याशेजारी एक पुरुष डॉक्टर आणून बसवला. रांग माझ्याच टेबलापुढे! त्याने एका आजोबांना हाक मारली, तर ते लुंगी घट्ट धरून म्हणाले, "नको रे बाबा, पुरुषापुढे लाज वाटते!"

* * *

आणि पूजेच्या आदल्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, झाली बदली! सर खिडकीपाशी उभे होते. मला बसा म्हणाले, स्वतः काही बसेनात.

"माझा एक मित्र आहे..." ते बाहेर बघत म्हणाले.

मी सगळं ऐकून घेतलं.

"मित्राचं म्हणणं आहे, ऑपरेशन तुम्हीच करावं."

"उद्या सकाळी उपाशीपोटी पाठवा, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच हजर. चहासुद्धा घेतला नव्हता.

"मित्राला यायला जमलं नाही," ते म्हणाले. "म्हणून मी आलोय."