तुळजारावांची गाडी आणि उरलेले नट

दुरुस्ती झाली की दर रविवारी दोन-चार नट उरायचेच. तुळजाराव ते एका पितळी लोट्यात टाकायचे. लोटा भरत गेला, तसे आमचे किस्सेही!

तुळजाराव म्हणजे मेलकावेरीतले वकील. घरात आमची तंजावरी मराठी, कोर्टात तमिळ आणि गाडीखाली शिरले की दोन्ही भाषांतल्या शिव्या! स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघालेल्या एका साहेबाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार त्यांनी घेतली होती. मेकॅनिकला हात लावू द्यायचे नाहीत. हाताखाली आम्ही दोघं, मी आणि पोस्टातला गोपाळ.

* * *

एकदा स्प्रिंग काढायची होती आणि जॅक नव्हता. आम्ही अंबावहिनींचा पीठ वाटायचा रगडा उचलून गाडीखाली सरकवला. वहिनी भिजवलेले तांदूळ घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता गाडीच वाटू का इडलीला?"

* * *

मग लोहाराकडून स्प्रिंगला दोन जादा पट्ट्या घालून घेतल्या. भलतीच कडक झाली की हो! पहिल्याच फेरीत गोपाळचा चष्मा उडाला. "रस्त्यावरचा खडा चाकाच्या आधी माझ्या दाढेला कळतो," गोपाळ म्हणाला.

* * *

स्टेअरिंग इतकं ढिलं, की चाक अर्धं फिरवल्यावर गाडी वळायचा विचार करायची. त्यात वहिनींना डावं-उजवं कधीच कळलं नाही, तोंडाने नेहमी उलटंच सांगायच्या. इन्नंबूरच्या रस्त्यावर त्या ओरडल्या, "डावीकडे! डावीकडे!" आणि हात उजवीकडे, रस्ता वळत होता तिकडेच. तुळजारावांनी बायकोचं ऐकलं नाही, चाक उजवीकडेच मारलं. पण ढिल्या चाकाला उशीर झाला आणि गाडी थेट भातशेतात!

शेतकऱ्याने तमिळमध्ये विचारलं, "नांगरायला आणलीत काय, ऐया?"

चिखलातून बाहेर येत वहिनींनी बजावलं, "कधी म्हणून माझं ऐकत नाही! रविवारी मला गोविंदपुरमला भजनाला नीट न्या. नाहीतर गाडी विकायची!"

तुळजारावांचा चेहरा पडला. त्या गाडीवर फार जीव त्यांचा.

* * *

रविवारी सकाळपासून आम्ही अख्खं स्टेअरिंग केळीच्या पानांवर उलगडलं आणि पुन्हा बसवलं. एकही नट उरला नाही! दुपारी वहिनी शेजारी बसल्या, मी मागे सामानाच्या जागेत.

फाटकातच तुळजारावांनी चाक डावीकडे फिरवलं. गाडी गेली उजवीकडे! आतलं काहीतरी उलटं बसलं होतं. ते घामाघूम. हसू दाबायला मी तोंडात रुमाल कोंबला.

"डावीकडे घ्या," वहिनी म्हणाल्या. हात उजवीकडे, रस्ताही उजवीकडेच. तुळजारावांनी देवाचं नाव घेतलं आणि मुकाट्याने चाक डावीकडे फिरवलं. गाडी रस्त्याला लागली! मग काय, वहिनी सांगतील तसं! गोविंदपुरमपर्यंत एक वळण चुकलं नाही.

देवळापाशी वहिनी ऐटीत उतरल्या.

"बघा! बायकोचं ऐकलं की गाडी कशी नीट चालते! राहू द्या गाडी. पण त्या स्टेअरिंगला पुन्हा हात लावलात तर बघा!"