दुमडीचा रकाना

डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर बावीस वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळे कार्डवाल्या ताई म्हणत. पाच मिनिटं स्वस्थ बसतील तर शपथ, पण पेशंट दारात दिसला की नाव विचारायच्या आत त्याचं कार्ड बाहेर.

कार्डांचे कोपरे त्या दुमडून ठेवत. वरचा डावा दुमडलेला म्हणजे डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजवीकडून जाऊन बोलायचं. वरचा उजवा म्हणजे कमी ऐकू येतं. खालचा म्हणजे घाबरट, थेंब घालताना हात धरायचा. ही भानगड डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, "ताई, कार्डं बंद. सोमवारपासून ऑपरेटर येतेय. तिच्यासाठी सोमवारची साठ कार्डं तेवढी घरच्या कॉम्प्युटरवर भरून आणा. तुमचं काय ते मग बघू."

त्या 'मग बघू'सकट ताईंनी साठ कार्डं पिशवीत भरली.

कॉम्प्युटर भाचीने दिलेला, जुना. तिनेच फोनवर सांगितलं, "मावशी, दोन पर्याय आहेत. दवाखान्यांचं तयार पॅकेज टाक, चौकटी ठरलेल्या असतात, नेक्स्ट नेक्स्ट दाबत जा. नाहीतर नुसता डेटाबेस टाक, पण मग रकाने तुझे तुलाच बनवावे लागतील. तयारच टाक."

ताईंनी तयार टाकलं. नाव, वय, नंबर, सगळ्याला चौकट होती, फक्त दुमडीला नव्हती. काढलं. नुसता डेटाबेस टाकला, तो पासवर्डावर अडला. तोही काढला. पुन्हा तयार टाकलं.

"अगं, घालतेस काय, काढतेस काय," नवरा पेपरामागून म्हणाला. "त्या मशीनला चक्कर येईल."

ताईंनी पुन्हा भाचीला फोन लावून दुमडींचं सांगितलं. ती हबकलीच. "हे लिहून देणार? वेडी आहेस का! डोक्यातच राहू दे. एकदा कॉम्प्युटरात गेलं की तुला कोण विचारतंय?"

खरंच होतं की! ताई उठल्या, पुसलेला ओटा परत पुसला, चहा टाकला आणि विसरल्या. खुर्ची काही केल्या डोक्यातून जाईना. पण डावा डोळा गेलेले घड्याळवाले काकाही जाईनात. गेल्या वर्षी ताई दोन दिवस तापाने घरी होत्या, तेव्हा बदलीच्या बाईने काकांना डावीकडून हाक मारली. ते दचकून वळले आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. तीन टाके पडले.

चहा आटून भांडं करपलं तेव्हा ताईंनी तयार पॅकेज कायमचं काढून टाकलं. डेटाबेस परत टाकला, पासवर्ड भाचीकडून वदवून घेतला, रकाने बनवले, शेवटच्याला नाव दिलं, 'दुमड'. त्यात चिन्हं नाहीत, सरळ वाक्यं लिहिली, कुणालाही कळतील अशी.

सोमवारी खुर्चीवर ऑपरेटर मुलगी होती. ताई भिंतीला टेकून, हात कुठे ठेवावे ते न कळून उभ्या. तेवढ्यात घड्याळवाले काका आत आले. मुलीने नाव विचारलं, पडद्यावर वाचलं, उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजवीकडे गेली आणि हळू म्हणाली, "काका, या ना."

ताईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

काका तिचा हात धरून हसत, गप्पा मारत ताईंच्या अगदी जवळून आत गेले. त्यांना ताई दिसल्याच नाहीत. ताई त्यांच्या डावीकडे उभ्या होत्या.