जिथे कुणी मेंढरे बसवली नाहीत

आप्पा बरोबर होते. मी चूक होते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झाले. त्यांच्याविषयी सैल, भावुक लिहिणे मला मान्य नाही; म्हणून आधी वस्तुस्थिती, क्रमाने.

पहिली गोष्ट: आप्पा म्हणजे बिरू धोंडिबा कोळपे, राहणार दौंड. भाड्याची जीप चालवत.

दुसरी: मी पुरातत्त्व शिकवते. ओळीने अकरा हिवाळे त्यांच्या जीपमधून मी दौंड आणि शिरूर तालुक्यांतली जुनी गावे पाहिली.

तिसरी: त्या प्रवासांवर मी एक छोटे प्रवासपुस्तक लिहिले. त्यात त्यांचे नाव नाही.

आता सविस्तर.

पहिल्या ट्रिपला मी मिनिटांसह वेळापत्रक आखून आणले होते. पाटस, भीमेचा पूल, इनामगाव, शिरूर, शेवटी वढू बुद्रुक. आप्पांनी कागद हातात घेतला, आदराने घडी केली आणि पुन्हा कधीही उघडला नाही.

पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची चाळीस मिनिटे गेली. मी तक्रार केली. ते म्हणाले, वास तरी घ्या, गाळप सुरू झालंय.

इनामगावला घोड नदीच्या काठी मी त्यांना तीन हजार वर्षांपूर्वीची शेती समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. तिथून निघाल्यावर मात्र, मला न विचारता, गाडी कच्च्या रस्त्याला घातली.

मी नकाशा पुढे केला.

"नकाशा बराबर हाय म्याडम. पन त्यो वरनं बघून काढल्याला. आमी खालनं चालल्यालो."

'आमी' म्हणजे त्यांचे घराणे. मेंढपाळांचे. वडिलांच्या कळपामागे हा सगळा मुलूख त्यांनी पायी तुडवला होता. सुगी झाली की शेतकरी आर्जवाने बोलावत, कळप रानात मुक्कामाला बसवत. लेंड्यांचे खत मिळे. कुणाच्या रानात आधी बसायचे, यावरून भांडणे होत.

एका बांधाशी त्यांनी जीप थांबवली.

"ह्या रानात आमाला कवाच कुनी बोलावलं न्हाई. पांढरी हाय ही. जुनं गाव व्हतं हितं. राख, शेण, समदं आधीच मुरलंय. हिला खत कशाला?"

मी त्यांना दहा मिनिटे सुनावले. ऐकीव माहिती आणि पुरावा यांतला फरक, उदाहरणांसह.

मग केवळ त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी खाली उतरले.

बांधाच्या कडेला लाल खापर होते. त्यावर काळ्या रेषा, इनामगावच्या जुन्या खापरांवर असतात तशाच.

मी म्हणाले, योगायोग.

"मग दुसरं रान दावू?"

दुसऱ्या रानातही खापरे होती. तिसऱ्यातही. आम्ही काही उचलले नाही; फोटो काढले, नोंदी केल्या. तिसऱ्या बांधावर आप्पांनी विचारले, अजून योगायोग शिल्लक हाय का?

त्या दिवशी शिरूरला पोचायला संध्याकाळ झाली. वेळापत्रक पूर्ण कोलमडले होते आणि मी कमालीची खूश होते.

पुढच्या दहा हिवाळ्यांत वेळापत्रक मी केलेच नाही. शिरूरच्या जुन्या बाजारात चहा, भीमेच्या पुलावर पाच मिनिटे थांबणे, आणि कळपाच्या वाटांनी गावे. वढूला समाधीपाशी मी माहिती सांगू लागले की ते हळूच म्हणत, "म्याडम, हितं लेक्चर नगं." माझे लेक्चर थांबवू शकलेला हा एकमेव माणूस.

मग पुस्तक आले. आप्पांनी नातीकडून ते पहिल्या पानापासून वाचून घेतले आणि फोन केला.

"ह्यो 'एक स्थानिक चालक' कोन?"

"तुम्हीच, आप्पा."

"मग तसं लिवायचं की."

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

संदर्भ दिला नाही म्हणून मी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवते. आणि माझ्या संपूर्ण पुस्तकातला सर्वांत मौलिक भाग ज्यांचा, त्यांना मी निनावी केले. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन, असा शब्द दिला. ते म्हणाले, करा सावकाश, मी कुठं जातोय.

ते गेले. जीप आता नात चालवते. गेल्या महिन्यात तिने मला एक चौथे रान दाखवले. आजोबांनी तिला सांगून ठेवले होते. माझा दिवस फार सुंदर गेला.

आप्पा, तुमच्या वाटांना आणि तुम्हाला माझा नमस्कार.

आता शेवटचे. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते परवा आली. संपादकांनी मी घातलेले नाव काढून तिथे पुन्हा 'एक स्थानिक चालक' केले आहे. समासात शेरा: "माहिती देणाऱ्यांची नावे देण्याची पद्धत नाही."

आप्पांनी माहिती दिली नाही. त्यांनी शोध लावला.

संपादक महोदय, आपण माझ्या मित्रयादीत आहात, तेव्हा ही पोस्ट वाचालच. बिरू धोंडिबा कोळपे हे नाव, पुस्तकातल्या तीन स्थळांचे शोधक म्हणून, आपण छापणार आहात की नाही? फोन करू नये. उत्तर लेखी द्यावे.