कॅनव्हासवरचे केस

इथे उत्तरेत, सेक्टर बावीसमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एक चित्रकार राहतात. बड्या लोकांची पोर्ट्रेट्स काढण्यात त्यांची हयात गेली. अधिकारी, वकील, त्यांच्या बायका समोर येऊन बसतात आणि कॅनव्हासवर दहा वर्षांनी तरुण होतात. "सच कौन टाँगता है जी दीवार पर?" असं ते हसून म्हणतात. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडे बघतात. मला ते कधी आवडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त साहेब बायकोला घेऊन आले. केमोमुळे तिचे केस गेले होते. "पहले जैसे बाल बना दीजिए," असं साहेबांनी बजावलं, आणि चित्रकारांनी दाट केस रंगवले. मी वरून चहा घेऊन गेले होते, तेव्हाच तिने चित्र पाहिलं आणि हळूच विचारलं, "ये कौन है?"

 टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून चित्रकारांनी सगळे केस पुसून काढले आणि तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. पुरं झालेलं चित्र साहेबांनी रागाने नेलंच नाही, तिथेच सोडलं.

उन्हाळ्याआधीच ती वारली. साहेब एकटे आले. "अब तो बाल लगा दो," म्हणताना त्यांना रडू कोसळलं.

गिऱ्हाइकाला कधीही नाही न म्हणणारे चित्रकार म्हणाले, "वो ऐसे ही बैठी थीं, जी."

साहेब चित्राजवळ गेले. मग त्यांनी त्या उघड्या डोक्यावर अगदी हलकेच तळहात ठेवला.