बाबली गावडे रंगमंचावर जातो

धामापूरच्या बाबली गावडेने दशावताराच्या मंडळीत अडतीस वर्षं पेटारा वाहिला. मुकुट, शेले, लाकडी तलवारी, सगळं राज्य त्याच्या डोक्यावर. राजा मात्र दुसराच. ऐकून ऐकून साऱ्यांची भाषणं त्याला पाठ झाली होती. एकदाच, आरोंद्याच्या जत्रेत, राजा करणारा नट वेळेवर पोचला नाही म्हणून बाबलीला रंगवलं. तो पहिलं पाऊल टाकणार, तोच मोटरसायकलवरून नट हजर!

"बाबल्या, काड तो मुकुट."

बाबलीने काढला आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या डोक्यावर चढवला. वर म्हणाला, "जरा घट्ट बांधतंय. नायतर नाचताना हलात."

ही गोष्ट त्याच्या लेकीला, अक्षयाला, ठाऊक होती. ती जपानात नागोयाला नोकरी करते. यंदा बाबांना बोलावलं तेव्हा तिने एका दिवसाची सहल मुद्दाम शोधून काढली. सकाळी जुनं खेडं, मग व्यापाऱ्यांची पेठ आणि शेवटी एका गावातला दीडशे वर्षांचा लाकडी रंगमंच. तिथे पाहुण्यांना वर उभं राहू देतात आणि रंगमंच गोल फिरवून दाखवतात. बाबलीने आठ दिवस लेकीच्या स्वयंपाकघरात राजाचं भाषण घोटलं.

खेड्यातली उतरती गवती छपरं बघून तो म्हणाला, "ह्यो तर आमचो गुरांचो मांगर गो! फक्त ह्येका चार माळे."

पेठेत मात्र त्याचं कशातच लक्ष नव्हतं. ओठ हलत होते.

"बाबा, लोक बघतत."

"बघांदेत. राजाक सवय होयी."

दुपारी रंगमंच आला. देवळाच्या अंगणात, काळ्याभोर लाकडाचा. बाबलीने चपला काढल्या आणि पायरीला हात लावून कपाळाला नेला. सहलीतली दहा-बारा माणसं वर चढून उभी राहिली; बाबली आपल्या पाळीची वाट बघत पायरीशीच थांबला. गाइड बाईंनी टाळी वाजवली. फळ्या कुरकुरल्या, वीतभर सरकल्या आणि थांबल्या. परत कुरकुर, परत थांबल्या. माणसं हसू लागली.

बाबली हसला नाही. त्याला फळ्यांखालून धाप ऐकू येत होती.

"खाली कोणतरी एकटोच ढकलता हा," तो म्हणाला.

गाइडने अक्षयाला सांगितलं, की खालून रंगमंच फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचा जोडीदार आज आलेला नाही.

"बाबा, तुमी चडा वर. धाच मिनटा आसत. मगे बस सुटतली."

"रंगमंच अडाकलो तर राजा खंय जातलो गो?" असं म्हणून बाबली बाजूच्या दारातून वाकून खाली उतरलासुद्धा.

खाली अंधार, मधोमध जाड खांब आणि त्याला आडवे दांडे. एका दांड्याशी बाबलीच्याच वयाचा माणूस घामाने निथळत उभा होता. बाबलीने समोरचा दांडा धरला, खांदा लावला आणि मान हलवली. त्यानेही मान हलवली. दोघांनी पाय रोवले. रंगमंच फिरला, अगदी पाण्यावर होडी वळावी तसा. वर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबलीने सवयीने वर बघितलं. फटींतून उजेड फिरत होता.

तो बाहेर आला तेव्हा दहा मिनिटं सरली होती. माणसं बसकडे निघाली होती. अक्षयाचे डोळे भरले. "आता परत खंय येतलो आपण, बाबा?"

पण म्हाताऱ्याने बाबलीचं मनगट धरलं. त्याला पायऱ्यांवरून वर नेलं, मधोमध उभं केलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्वतः एकटाच खाली गेला.

अंगण रिकामं. प्रेक्षकांत एक लेक. बाबलीने छाती काढली, हात उंचावला. पायाखालची फळी हळूच सरकली. वीतभर. मग आणखी वीतभर. आणि पुन्हा ती धाप.

हात खाली आला. बाबली गुडघ्यांवर बसला आणि फटीला तोंड लावून, आठ दिवस तयार केलेल्या त्याच खणखणीत आवाजात ओरडला,

"बास रे बाबा, बास! कंबार मोडात तुझी!"

रंगमंचावरचं बाबलीचं हे पहिलं वाक्य. अक्षयाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. फळ्यांखालूनही दोन हातांची टाळी ऐकू आली.